एक्सएमएल फाइलींचे क्रमशः विश्लेषण

एक्सएमएल फाइलींचे क्रमशः विश्लेषण : अतिशय मोठी एक्सएमएल फाइल संगणकाच्या स्मृतीत एकदम न भरता तुकड्यातुकड्याने वाचून तिच्यातील रचना व मजकूर ओळखण्याची पद्धती. एक्सएमएल ही मजकुरात खुणा घालून त्याची रचना स्पष्ट करणारी भाषा असून १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या भाषेचे ते सुटसुटीत रूप होय. तिचे पहिले विनिर्देशन वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसृत केले. या भाषेत घटक सामान्यतः आरंभीचा व अखेरचा अशा दोन टॅगांनी सीमित होतो. घटकात उपघटक असू शकतात. मात्र सर्वांना सामावणारा मूळ घटक एकच असतो.

मराठी वाचकाला या पद्धतीचे प्रयोजन मराठी विकिपीडियाच्या उदाहरणावरून सहज कळेल. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशातील लेखांच्या एकत्रित प्रती विकिमीडिया फाउंडेशन वेळोवेळी एक्सएमएल स्वरूपात उपलब्ध करून देते. त्यांत ‘मीडियाविकी’ हा मूळ घटक, प्रत्येक पृष्ठासाठी ‘पेज’ हा घटक व त्याच्या पोटात ‘टायटल’, ‘रिव्हिजन’, ‘टेक्स्ट’ इ. उपघटक असतात. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील केळशी या गावाचा उल्लेख असणारे सर्व लेख अभ्यासकाला हवे आहेत. दापोली तालुक्यातील हे गाव भारजा नदीच्या मुखाजवळ असून तेथील महालक्ष्मीचे मंदिर, याकूबबाबांचा दर्गा व किनाऱ्यावरील वाळूची टेकडी प्रसिद्ध आहेत. ओळीमागून ओळ वाचून केवळ ‘केळशी’ हा शब्द शोधल्यास तो सापडेल. परंतु लेखाचे शीर्षक पुष्कळ ओळी मागे राहिलेले असल्याने तो कोणत्या लेखातील, हे कळणार नाही. शिवाय गोव्यात मुरगाव तालुक्यातही केळशी हे गाव आहे. म्हणून त्याच लेखात ‘दापोली’ हा शब्द आहे की नाही हेही पाहावे लागते. अर्थात येथे शोधाचे एकक ओळ नसून संपूर्ण लेख हे होय.

विश्लेषणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत संपूर्ण फाइल वाचून घटकांचा वृक्ष स्मृतीत उभा केला जातो. डॉम या नावाने तिचे मानक १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये निश्चित झाले. वृक्षात कोठूनही कोठेही जाता येते; परंतु प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र नोंद ठेवावी लागत असल्याने मूळ फाइलीच्या अनेकपट स्मृती खर्ची पडते. दुसरी पद्धती घटनाधारित आहे. टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला, अशा घटना विश्लेषक क्रमाने कळवितो व पुढे सरकतो. डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने मे १९९८ मध्ये सिद्ध झालेली सॅक्स ही योजना या प्रकारची आहे. जेम्स क्लार्क यांनी रचलेला एक्सपॅट हा विश्लेषकही याच रीतीने चालतो आणि पायथन, पर्ल, पीएचपी यांसारख्या स्क्रिप्ट भाषांतून त्याचा उपयोग करता येतो.

घटनाधारित पद्धतीत एक धोका संभवतो. एकाच घटकातील मजकूर विश्लेषक एकसंध देईलच असे नाही. ‘केळशी’ हा शब्द तुकड्याच्या सीमेवर आल्यास प्रथम ‘केळ’ व नंतर ‘शी’ असा हाती येऊ शकतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासणारी आज्ञावली तो शब्द हुकविते. यास्तव अखेरचा टॅग येईपर्यंत तुकडे जोडत राहणे आवश्यक असते. देवनागरीच्या बाबतीत ही सीमा अक्षरचिन्हाच्या मध्येही पडू शकते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. ‘केळशी’ या शब्दातील ५ चिन्हांचे १५ बाइट होतात. फाइल ६५,५३६ बाइटांच्या गटांनी वाचल्यास या संख्येस ३ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून अपुरे राहिलेले बाइट पुढील गटासाठी राखून ठेवणारा संकेतवाचक लागतो. मूळ बाइट जसेच्या तसे एक्सपॅटकडे सोपविल्यास हे काम तो स्वतःच करतो.

या दोहोंतील मध्यम मार्ग फ्रेड्रिक लुंड यांच्या एलिमेंटट्री या संग्रहात आढळतो. तो २००६ मध्ये पायथनच्या २.५ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यातील इटरपार्स ही सोय वृक्ष क्रमाक्रमाने बांधते आणि घटक पूर्ण होताच तो आज्ञावलीच्या हवाली करते. ‘पेज’ हा घटक मिटल्याची घटना येताच त्यातील शीर्षक व मजकूर तपासावा आणि तो घटक रिता करावा. मात्र एवढ्याने भागत नाही. रिता केलेला घटकही मूळ घटकाच्या यादीत राहतोच आणि लाखो रित्या घटकांनी स्मृती हळूहळू व्यापली जाते. म्हणून मूळ घटकाची यादीही वेळोवेळी पुसावी लागते. घटक उघडल्याच्या घटनेवर विसंबून मजकूर वाचू नये. कारण त्या वेळी उपघटक तयार झालेले असतातच असे नाही. प्रती बीझिप२ रीतीने संकोचित असल्या, तरी त्या डिस्कवर आधी उलगडण्याची गरज नसते. उलगडणे व विश्लेषण ही कामे बरोबरीने चालतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फाइल मध्येच तुटलेली असल्यास ते त्या स्थळी पोहोचेपर्यंत कळत नाही व तोवर आधीच्या लेखांवरील काम होऊन गेलेले असते. म्हणून अखेर निर्दोष लाभल्यावरच निष्कर्ष ग्राह्य धरावेत. मागे सोडलेला भाग पुन्हा पाहण्यासाठी वाचन आरंभापासून करावे लागते. एकात एक गुंफलेल्या संक्षेपांचा विस्तार करावयास लावून लहानशी फाइलही संगणकाची स्मृती गिळू शकते. या दोषावर एक्सपॅटच्या २०२१ मधील २.४.० या आवृत्तीत उपाययोजना करण्यात आली.

तथापि लागणारी स्मृती फाइलीच्या एकूण लांबीवर नव्हे, तर त्यातील सर्वांत मोठ्या लेखावर अवलंबून राहते, हे या पद्धतीचे मर्म होय. फाइल दुप्पट झाल्यास काळ दुप्पट लागतो. यंत्र मात्र तेच पुरते. त्यामुळे मराठीतील एवढा मोठा मजकूर धुंडाळण्यासाठी प्रचंड संगणकाची आवश्यकता उरत नाही. केळशीसारख्या गावातील शिक्षकालाही घरच्या साध्या संगणकावर, एखादी रात्र खर्चून, आपल्या गावाविषयी काय लिहिले गेले आहे आणि काय लिहावयाचे राहिले आहे, हे पडताळून पाहता येते.