अध्यापनातील गुणवत्ता व्यवस्थापन : चूक कोणाची?

गुणवत्ता व्यवस्थापनाची संकल्पना विद्यापीठात आली ती कारखान्यातून. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी उत्पादनातील चढउतार पारखण्यासाठी नियंत्रण-आलेख मांडला. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमधील व्याख्यानांतून हा विचार तेथील अभियंते व उद्योजकांपर्यंत नेला. गुणवत्ता अखेरच्या तपासणीतून येत नाही, ती प्रक्रियेतच घडवावी लागते, हे त्याचे मर्म होय. भिवंडीच्या यंत्रमागांशी परिचय असलेल्या विद्यार्थ्याला ते सहज उमगेल. ताण्याचा धागा तुटल्याचे मागावरच ध्यानात आले तर तो सांधता येतो. ताका उतरल्यावर केवळ दोष मोजणे उरते. आपली सत्रान्त परीक्षा बहुधा अशी उतरलेल्या ताक्याची तपासणी असते.

श्यूहार्ट यांनी चढउतारांच्या कारणांत एक मूलगामी भेद केला. काही कारणे प्रासंगिक असतात, तर काही व्यवस्थेतच मुरलेली असतात. व्यवस्थेतील दोषाचे खापर एकट्या कामगारावर फोडणे डेमिंग यांना अमान्य होते.

भिवंडी तालुक्यातील कोन या गावाचे उदाहरण घेऊ. या परिसरात आगरी बोली बोलली जाते. तीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो : पानी, काला. समजा, प्रथम वर्षाच्या वर्गात एकाच विद्यार्थ्याच्या लेखनात ‘पानी’ आढळले, तर त्याच्याशी बोलावे. निम्म्या वर्गाच्या वह्यांत ते आढळले, तर मात्र कारण अध्यापनात शोधावे लागते. बोलीची आणि प्रमाणलेखनाची ध्वनिव्यवस्था शेजारी ठेवून आपण शिकवलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. तांबड्या शाईने गुण कापल्याने ही उणीव भरून निघत नाही. उलट मुलगा आपल्या घरच्या भाषेला अशुद्ध समजू लागतो. (बोलीला अशुद्ध म्हणणे हे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने मुळातच चूक आहे.)

म्हणून चौथ्या आठवड्यात पाच ओळींचे लेखन घ्यावे, चुकांचे प्रकार मोजावेत, पुढील दोन तासिकांची आखणी बदलावी आणि पुन्हा तसेच लेखन घ्यावे. नियोजन, कृती, पडताळणी, सुधारणा हे चक्र यापेक्षा अवघड नाही.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेमुळे महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आले. त्यांच्या कपाटांत अभिप्राय-पत्रांचे गठ्ठे असतात. ते वाचून किती तासिकांची आखणी बदलली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिवाय विद्यार्थी म्हणजे कापड नव्हे. एकसारखेपणा हे मागाचे उद्दिष्ट असते. वर्गात मात्र ‘पानी’ म्हणणाऱ्याने ‘पाणी’ लिहायला शिकावे आणि घरी ‘पानी’च म्हणावे, एवढेच अपेक्षित आहे.