उत्तर आधी, पुरावा मागून

माझ्या भाचीने भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली. नंतर तीन वर्षे ती तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. कायम जागेची जाहिरात काही निघाली नाही. एक दिवस म्हणाली, ‘‘मामू, मी व्यवस्थापन सल्लागार कंपनीत अर्ज करतेय.’’ घरात सगळे गप्प झाले. मी बी.ए. झालेला माणूस. हे काम म्हणजे नेमके काय, ते तिच्याकडूनच समजून घेतले.

सल्लागार कंपनी माल बनवत नाही. कारखान्याचा नफा का घटला, रुग्णालयातल्या रांगा का लांबल्या, असा प्रश्न घेऊन ग्राहक येतो. चार-पाच जणांचे पथक आकडे जमवते, माणसांशी बोलते आणि काय करावे ते सांगते. प्रश्नाचे तुकडे पाडायचे, अंदाज बांधायचा, तो पुराव्यावर घासून पाहायचा, ही संशोधकाची रोजचीच सवय. म्हणूनच मोठ्या कंपन्या एम.बी.ए.बरोबर पीएच.डी. झालेल्यांनाही घेतात. मुलाखतीत असाच एखादा प्रश्न समोर ठेवतात आणि उमेदवार विचार कसा करतो ते पाहतात.

ही वाट नवी नाही. १९२६ मध्ये मॅकिन्झी कंपनी काढणारे जेम्स मॅकिन्झी शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. अंदाजपत्रकाच्या आधारे कारभारावर नियंत्रण कसे ठेवावे, यावर त्यांनी १९२२ मध्ये पुस्तक लिहिले होते.

मग बदलते काय? प्रबंधात निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात येतो. इथे उत्तर पहिल्या वाक्यात द्यायचे. त्याच कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी ही रीत पिरॅमिडच्या रूपात मांडली : टोकावर उत्तर, त्याखाली कारणे, त्याखाली पुरावे. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे उलटेच वाटते. शेराची पहिली ओळ उत्सुकता वाढवते, गाठ सुटते ती दुसरीत! दुसरा बदल वेळेचा. पुरती खात्री होईपर्यंत थांबता येत नाही. मुदतीत जेवढे कळले त्यावर बोलावे लागते. तिसरा बदल जिव्हारी लागणारा. प्रश्न आपला नसतो आणि अहवाल बहुधा ग्राहकाच्या कपाटातच राहतो.

आणि त्या अहवालाने माणसांचे आयुष्य बदलते. मॅकिन्झींच्या कंपनीने शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाच्या कारभाराची पाहणी केली होती. १९३५ मध्ये ते स्वतःच तिथे प्रमुख झाले. घाऊक विभाग बंद झाला, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. १९३७ मध्ये न्यूमोनियाने मॅकिन्झींचे निधन झाले.

भाचीला मी एवढेच म्हणालो, ‘‘प्रयोगात नकोसा आकडा आला तर तू तो खोडत नव्हतीस. ग्राहकाला नकोसे उत्तर आले तरी खोडू नकोस.’’

‘‘मुलाखतीत हे विचारत नाहीत, मामू.’’

‘‘नसतील विचारत. पहिल्या अहवालाच्या वेळी विचारतील.’’