सल्ला चुलीपर्यंत पोचावा

आरोग्य केंद्रात मी पूर्वी सर्वांना एकच सांगत असे, "गोड कमी करा, रोज फिरा." एकदा तांड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "डागदरसाहेब, दिवसभर ऊस तोडते, आणखी कुठं फिरू?" मी निरुत्तर झालो. त्यांना चालणे नव्हे, दिवसभराचा गोड चहा कमी करायचा होता. पेठेतल्या दुकानदाराला मात्र गादीवरून उठून चालण्याचीच गरज. कुणाला एकादशीचा साबुदाणा, तर कुणाला रोजा सोडतानाचे गोड सरबत आवरावे लागते.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीच्याच सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते.

म्हणून तिशी उलटताच सरकारी उपकेंद्रात मोफत साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली, तर घाबरू नये, सावध व्हावे. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आशाताई घरी आल्या की त्यांना घरात खरोखर काय शिजते ते सांगा. योग्य सल्ला त्यातूनच निघेल.