बंदुकीवरील दुर्बीण : तिची पारख व तिचें मोल

तापीकांठच्या दादरींत किंवा सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या मक्यांत व उसांत ज्यांनीं रात्रीची जागल केली आहे, त्यांस रानडुकरांचा कळप एका रात्रींत काय करून जातो हें सांगावयास नको. जेवढें खाल्लें जातें त्याहून तुडवलें व उपटलें अधिक जातें. शहादें, तळोदें व अक्कलकुवें या तालुक्यांच्या शिवारांत उसाच्या दाटींत बिबट्याही वस्तीस राहूं लागला असल्यानें जागल्यास स्वतःच्या जिवाचीही काळजी असते. अशा वेळीं घरांत परवान्याची बंदूक असलेल्या शेतकऱ्याच्या मनांत एक विचार हटकून येतो : बंदुकीवर दुर्बीण बसविली तर? बाजारांत अशा दुर्बिणी थोड्या हजारांपासून लाखांपर्यंत मिळतात. अगदीं स्वस्त घेण्यांत अर्थ नाहीं व अगदीं महाग आपल्यास परवडावयाची नाहीं. राहिल्या मधल्या भावाच्या, म्हणजे सुमारें दहा हजारांच्या वर व पन्नास हजारांच्या आंत ज्या येतात त्या. निवडीचा खरा घोळ यांतच आहे. कारण या पट्ट्यांत चांगली व वाईट वस्तु एकाच किंमतीस शेजारीं शेजारीं मांडलेली असते, आणि बाहेरून दोहोंचा काळा रंग सारखाच असतो.

प्रथम कायद्याचें बोलून घेऊं. जनावर आपलें पीक खातें म्हणून तें मारण्याचा अधिकार शेताच्या मालकास आपोआप येत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ११ व्या कलमाप्रमाणें, उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुक्कर, नीलगाय अशा दुसऱ्या अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारीची लेखी परवानगी वनखात्याचा अधिकृत अंमलदारच कारणें नमूद करून देऊं शकतो. बिबट्या पहिल्या अनुसूचींत आहे. पिकाच्या राखणीचा व त्याचा संबंधच जोडूं नये. नुकसानीचा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाई मागण्याचा मार्ग निराळा आहे व तो आधीं चोखाळावा. बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं मिळतो. १८७८ चा इंग्रजी अमदानींतील कायदा जाऊन हा अधिनियम १९६२ च्या आक्टोबरांत अंमलांत आला. त्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं म्हणून जिचा नांवानिशीं उल्लेख आहे, ती ठासणीची बंदूक होय. दुर्बीण विकत घेण्यापूर्वीं परवाना देणाऱ्या कचेरींत एकदां विचारणा करून घ्यावी, म्हणजे मागाहून कटकट राहत नाहीं.

ठासणीच्या बंदुकीचा मुद्दा येथें मुद्दाम काढला, कारण दुर्बीण कोणत्या बंदुकीवर बसावयाची हाच पहिला प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या घरीं बहुधा ठासणीची नाहीं तर बारा बोअरची, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक असते. अशा नळींतून सुटलेला छर्रा तीस-चाळीस यार्डांपलीकडे पांगतो, आणि एकटी गोळीही त्याच्या दुप्पट अंतरावर नेमकी कोठें लागेल याचा भरंवसा नसतो. एवढ्या अंतरावर जनावर उघड्या डोळ्यांस दिसतें व नळीच्या टोंकावरील माशी पुरते. चारपट मोठें दाखविणारें भिंग लावल्यानें नळीचा नेम सुधारत नाहीं. बैल तेच ठेवून गाडीस रंग दिल्यासारखें तें होतें. उलट, जवळून धांवणाऱ्या जनावरावर दुर्बिणींतून नजर बसेपर्यंत तें बांध ओलांडून गेलेलें असतें. तेव्हां ठासणीच्या बंदुकीवर किंवा छऱ्याच्या दुनळीवर दुर्बीण बसवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांच्यापाशीं पेचदार नळीची रायफल आहे, उदाहरणार्थ सरकारी आयुधनिर्माणींत तयार झालेली .३१५ बोअरची, त्यांच्यासाठींच पुढील पारख आहे.

गिऱ्हाईक दुकानांत शिरलें कीं त्याचा पहिला प्रश्न 'किती पट?' हा असतो, आणि दुकानदार त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. दुर्बिणीवर ४×३२, ६×४२, ३-९×४० असे आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसते त्याचा. दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. ३-९ म्हणजे कडें फिरवून तिपटीपासून नऊपटीपर्यंत बदलतां येणारी. आतां दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागावें. ६×४२ मध्यें भागाकार ७ येतो. ३-९×४० नऊपटीवर ठेविली तर साडेचारांहून थोडा कमी. हा भागाकार म्हणजे दुर्बिणींतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. दुर्बीण हातभर अंतरावर धरून तिचें तोंड उजेडाकडे करावें. मागील भिंगांत एक पांढरें वाटोळें बिंब तरंगतांना दिसेल, तेंच तें. भर दुपारीं डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून उन्हांत सर्वच दुर्बिणी चांगल्या वाटतात. अंधारांत तरुण माणसाची बाहुली सुमारें सात मिलिमीटरांपर्यंत मोठी होते. साठीकडे झुकलेल्याची बहुधा पांचांच्या आसपास थांबते.

डुकरें भर उन्हांत येत नाहींत. दिवेलागणीनंतरच्या घटकाभरांत आणि पहांटेच्या झुंजूमुंजू वेळीं जी उपयोगी पडते तीच दुर्बीण घेण्याजोगी, आणि त्या वेळीं नऊपट, बारापट हे आंकडे केवळ काळोख मोठा करून दाखवितात. चारपट वा सहापट पुरे. बदलतीपेक्षां ठराविक पटीची घेतली तर तेवढ्याच पैशांत भिंगें अधिक चांगलीं मिळतात, कारण आंत सरकणारे भाग कमी असतात. अशा दुर्बिणी हल्लीं दुकानांत कमी आढळतात हें खरें; बदलती घेणें भागच पडलें तर तिचा खालचा आंकडा पहावा, वरचा नव्हे. उतारवयाच्या शेतकऱ्यानें छप्पन मिलिमीटरांच्या थोरल्या भिंगासाठीं जादा पैसे देऊं नयेत. त्यांतून येणारा प्रकाश त्याच्या बाहुलींत पुरता मावत नाहीं. नळी तीस मिलिमीटर जाडीची आहे म्हणून उजेड अधिक येतो, असेंही सांगण्यांत येतें. तें खरें नाहीं. जाड नळीनें मजबुती येते व आंतील भागांस सरकण्यास जागा मिळते, एवढेंच.

भिंगांवरील लेपाची गोष्ट मात्र उजेडाशीं निश्चित निगडित आहे. उघड्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेंकडा चारांच्या सुमारास प्रकाश परत फिरतो. दुर्बिणींत पांच-सहा भिंगें धरलीं तर दहा-बारा पृष्ठभाग होतात, आणि लेपाविना तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रकाश वाटेंतच नाहींसा होतो. १९३५ सालीं जर्मनींत येना येथील झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला या पदार्थवैज्ञानिकानें भिंगावर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवून ही गळती थांबविण्याची युक्ति काढली. त्यापूर्वींच्या, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या काळांतील दुर्बिणी कितीही भरभक्कम असल्या तरी सायंकाळीं मंद पडतात, याचें कारण हेंच. आजच्या दुर्बिणींवर 'पूर्ण बहुस्तर लेप' अशा अर्थाचे शब्द सर्रास छापलेले असतात. छापण्यास खर्च येत नाहीं. म्हणून आपण स्वतः पहावें. दुकानांतील दिव्याखालीं दुर्बीण थोडी तिरपी धरून पुढील भिंगांत डोकवावें. दिव्याचीं एकामागें एक अनेक प्रतिबिंबें दिसतील. तीं मंद हिरवीं-जांभळीं असलीं तर लेप चांगला. त्यांत एखादें पांढरें लख्ख असेल तर तो एक पृष्ठभाग कोरा सोडला आहे असें समजावें. माणकासारखें लालभडक चमकणारें भिंग दिसावयास ऐटबाज असतें, परंतु तें लाल प्रकाश बाहेरच्या बाहेर परतवून लावतें. तें घेऊं नये.

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेतांना आपण झूल काढून पाठ पाहतों व जबडा उघडून दांत पाहतों. दुर्बिणीचे दांत म्हणजे तिच्या दोन घुंड्या, एक वर-खालीं करण्याची व दुसरी डावी-उजवीकडे करण्याची. मधल्या भावाच्या दुर्बिणी फसतात त्या भिंगांत कमी आणि येथें अधिक. घुंडीचा एक 'कट' फिरविला तर बहुधा शंभर यार्डांवर पाव इंच फुली सरकावी, असा करार असतो. तो पाळला जातो कीं नाहीं हें गोळी न झाडतां, बंदुकीस हातही न लावतां पाहतां येतें. लांकडी खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंस त्रिकोणी खाचा पाडाव्या व त्यांत दुर्बीण ठेवून खोकें घट्ट बसवावें. पंचवीस मीटरांवरील भिंतीस चौकड्यांचा कागद चिकटवावा. फुली एका चौकडीच्या कोपऱ्यावर आणून घुंडी चाळीस कट उजवीकडे फिरवावी. फुली सुमारें सात सेंटिमीटर सरकली पाहिजे. मग चाळीस वर, चाळीस डावीकडे, चाळीस खालीं. फुली निघाली त्याच कोपऱ्यावर परत आली पाहिजे. आली नाहीं, किंवा दुर्बिणीस बोटानें टिचकी मारल्यावर मग हळूच आली, तर आंतील स्प्रिंग कच्ची आहे. अशी दुर्बीण आज नेम धरील आणि मोटरसायकलवरून शेतापर्यंत नेली कीं उद्यां सोडील. जो दुकानदार ही परीक्षा करूं देत नाहीं, त्याच्याकडून दहा हजारांची वस्तु घेण्याचें कारण नाहीं.

त्याच खोक्यांत दुर्बीण स्थिर असतां डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवून पहावा. कागदावर फुली सरकल्यासारखी दिसली तर त्या अंतरावर नेम डोळ्याच्या जागेप्रमाणें चुकणार. पुष्कळशा दुर्बिणी शंभर यार्डांसाठीं जुळविलेल्या असतात, म्हणून पंचवीस मीटरांवर थोडी हालचाल दिसणें हा दोष नव्हे. शंभर यार्डांवरील एखाद्या खांबावर मात्र ती दिसूं नये. डोळा व मागील भिंग यांत निदान साडेतीन इंच अंतर राहूनही संपूर्ण दृश्य दिसलें पाहिजे. रायफलीचा धक्का मागें बसतो, आणि अंतर कमी असेल तर दुर्बिणीचें कडें भुवईंत रुततें.

मजबूत दुर्बीण घेऊन तिच्या खालच्या कड्या मात्र फुकट मिळालेल्या वापरावयाच्या, हा प्रकार फार आढळतो. नेम ढळल्याचा दोष दुर्बिणीस दिला जातो आणि सैल झालेला असतो कडीचा स्क्रू. कड्यांसाठीं वेगळे पैसे बाजूस काढून ठेवावे. नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण असेल व विकणारा तशी हमी देत असेल, तर ती कोमट पाण्याच्या बादलींत बुडवून पहावी. घुंडीपाशीं बुडबुडे निघाले तर पावसाळ्यांत आंत वाफ धरणार व पुढें बुरशी येणार. आपल्याकडे पावसाहून धूळ अधिक छळते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरून जाणाऱ्यांस ही धूळ कशी असते तें निराळें सांगणें नको. भिंग उपरण्याच्या टोंकानें पुसूं नये. धुळींतील गारेचे कण लेपावर चरे पाडतात. आधीं रबरी फुग्यानें हवा मारावी, मग धुतलेल्या मऊ सुती कापडानें टिपावें. हमीचा कागद घेतांना दुरुस्ती या देशांत होते कीं नाहीं हें विचारावें. 'जन्मभर हमी' हे शब्द परदेशांतील गिऱ्हाइकासाठींही छापलेले असूं शकतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. बंदुकीवरील दुर्बीण पाहण्यासाठीं नसते. तिच्यांतून ज्याकडे पाहतों त्याकडे नळी रोखलेली असते. शेतीच्या पंपांस वीज पुष्कळदां रात्रीं मिळते, त्यामुळें आपला सालदार, शेजारचा भाऊबंद किंवा त्याचा मुलगा मध्यरात्रीं बारें देण्यास उसाच्या सरींत वांकलेला असतो. कधीं बॅटरी विझलेली, कधीं घोंगडें पांघरलेलें. तिन्हीसांजेस शंभर पावलांवर वांकलेला माणूस व चरणारें जनावर यांत उघड्या डोळ्यांस फरक कळत नाहीं. 'काय हललें तें पाहूं' म्हणून रायफल खांद्यास लावणारा माणूस ओळख पटण्यापूर्वींच अर्धें कृत्य करून बसलेला असतो, आणि उरलेलें अर्धें एका बोटाच्या थरथरण्याचें काम आहे. चांगली भिंगें असलेल्या दुर्बिणीनें हा धोका कमी होत नाहीं, वाढतो. कारण ती पुनःपुन्हां उचलून पाहण्याचा मोह होतो.

म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर बंदुकीवरची न घेतां दोन डोळ्यांची हातदुर्बीण घ्यावी. दोन्ही घ्यावयाच्या असतील तरीही ती आधीं घ्यावी व चांगली घ्यावी. तिला परवाना लागत नाहीं, ती घरांतील कोणाच्याही हातीं देतां येते, आणि मचाणावरून डुकरांचा कळप बांधावर येतांना दिसला तर डबा वाजवून, फटाका लावून तो परतविण्यास वेळ मिळतो. बिबट्या कोणत्या सरींत शिरला हें कळलें तर सकाळीं ऊसतोडीच्या माणसांस त्या बाजूस न जाऊं देण्याची खबरदारी घेतां येते. ७×५० किंवा ८×४२ या मापाची घ्यावी. भागाकार सात व सव्वापांच येतो. लहान भावांत सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणीपेक्षां जुन्या घडणीची, खांद्यांशीं रुंद असलेली दुर्बीण अधिक चांगलें चित्र देते. इग्नात्सियो पोरो या इटालियनानें १८५४ च्या सुमारास योजिलेल्या लोलकांची ती रचना आहे, व ती साधी असल्यानें स्वस्तांतही नीट साधते. मागील भिंगांतील तें पांढरें बिंब पूर्ण वाटोळें असावें. कडा करड्या पडून तें चौकोनी झालें असेल तर आंतील लोलकांची कांच हलकी आहे. शेवटीं दुकानाबाहेर येऊन दूरच्या घराच्या आढ्याकडे पहावें आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागें न्यावी. दोन्ही बिंबांतील आढ्याच्या रेषा एका पातळींत राहिल्या तर दोन नळ्या जुळलेल्या आहेत, एक वर व एक खालीं गेली तर घटकाभर पाहिल्यावर डोकें दुखूं लागेल. तशी असेल तर तेथेंच परत करून दुसरी मागावी.