मार्चअखेरचं नवं-जुनं आणि थकबाकीचा शिक्का

मार्च महिना लागला की जत तालुक्यात सोसायटीच्या दारात एकच शब्द कानावर पडतो, ‘नवं-जुनं’. जुने पीककर्ज भरायचे आणि नवे उचलायचे. यात वावगे काही नाही, पीककर्ज वर्षाला फिरायचेच असते. पण भरायला पैसे कुठून आणले, असे विचारले की बोलणे थांबते. पुष्कळजण ते आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर खाजगीत उचलतात. नवे कर्ज हातात पडले की परत द्यायचे, एवढाच हिशेब. मंजुरी वेळेत झाली तर ठीक. ती लांबली की पंधरा दिवसांचे दोन महिने कधी होतात ते कळतही नाही.

आता आकडा मांडू. एक लाख रुपये शेकडा पाच दरमहाने आणले तर दोन महिन्यांचे व्याज दहा हजार. आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज किती? डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज ठरलेल्या मुदतीत फेडले तर शून्य टक्के. म्हणजे बिनव्याजी कर्ज टिकवायला आपण दहा हजार मोजले. हेच दरवर्षी होत राहिले, तर शासनाची सवलत सावकाराच्या घरात जाते, तुमच्या नाही.

दुसऱ्या बाजूला कर्ज भरणेच सोडून दिलेले लोक आहेत. त्यांची वाट कर्जमाफीकडे लागलेली असते. २००८ साली केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ साली राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली, डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. आपल्यासारख्या कायम दुष्काळी तालुक्यात माफी देऊच नये, असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक योजनेला तारीख आणि मर्यादा असते. २०१९ च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले आणि दोन लाखांपर्यंत थकलेले पीककर्ज बसले. तारखेच्या किंवा रकमेच्या बाहेर पडला तो बाहेरच राहिला. आपले खाते कुठल्या बाजूला पडेल हे आधी कुणाला सांगता येत नाही. थकबाकीदाराला सोसायटीचे दार मात्र त्या दिवसापासून बंद होते आणि मग उरतो तो सावकारच.

सगळे कर्ज एका कागदावर

कर्जातून बाहेर निघायची सुरुवात वहीच्या एका पानापासून होते. गंमत अशी की किती एकर पेरले ते आपण चटकन सांगतो, पण एकूण देणे किती, ते घरातल्या दोन माणसांना वेगवेगळे माहीत असते. म्हणून कारभारीण आणि कर्ता मुलगा दोघांना जवळ घेऊन बसा. कुणाचे, किती, कधी घेतले, व्याज काय, तारण काय आणि जामीन कोण, हे लिहा.

समजा एका घराचे देणे असे आहे. सोसायटीचे एक लाख. डाळिंबाला तेल्या लागला तेव्हा खाजगीत घेतलेले साठ हजार, शेकडा चारने. बँकेत सोनेतारण ऐंशी हजार. महिला गटाच्या नावाने फायनान्सचे चाळीस हजार. औषध-खताच्या दुकानाची उधारी पंचवीस हजार. एकूण तीन लाख पाच हजार. घरातले कोणी ऊसतोडीला जात असेल तर मुकादमाची उचलही यातच धरा. कोयत्याची उचल म्हणजे कर्जच, फक्त ते अंगमेहनतीने फेडायचे असते. कोरड्या गेलेल्या बोअरचे पैसे बहुतेक घरांत यातल्याच एखाद्या रकमेत दडलेले सापडतात.

आता व्याज एकाच मापात आणा. सावकार महिन्याचे बोलतो, बँक वर्षाचे बोलते, तिथे आपली फसगत होते. शेकडा चार दरमहा म्हणजे वर्षाला ४८ टक्के. त्या साठ हजारांवर वर्षाला २८ हजार ८०० रुपये नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. दुकानदार व्याज बोलून दाखवत नाही, पण रोखीचा आणि उधारीचा भाव एकच असतो का, ते एकदा विचारून बघा.

महाग कर्ज आधी

पान समोर ठेवले की पहिला घाव कुठे घालायचा ते आपोआप दिसते. ज्याचा तगादा जास्त त्याला आधी, ही आपली जुनी रीत आहे. त्याऐवजी ज्याचे व्याज जास्त त्याला आधी द्या. बाकीच्यांचे हप्ते चुकू देऊ नका, पण वर जे काही उरेल ते सगळे त्या एकाच खात्यावर.

वरच्या घरात आणखी थोडे दागिने असतील तर साठ हजारांचे सोनेतारण घेऊन खाजगी देणे एकदम मिटवता येईल. सोनेतारणाचा दर वर्षाला दहा टक्के धरला, तरी व्याज सहा हजारांवर येते. वर्षाचे २२ हजार ८०० रुपये वाचले. मात्र ते वाचलेले पैसे दर महिन्याला सोनेतारणातच भरले पाहिजेत. नाहीतर मुदत संपते, लिलावाची नोटीस येते आणि दागिनेही जातात. तेवढी शिस्त घरात नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

सोने नसेल तर शेळ्या-मेंढ्या आहेत. माडग्याळी मेंढीला आपल्याकडे जो मान आणि भाव आहे तो आणखी कुठे मिळायचा? पण मोडताना माद्या मोडू नका, नर काढा. कळपच विकून देणे फेडले तर पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज घ्यावे लागेल. दूध घालणाऱ्यांनी दहा दिवसांच्या बिलातली ठराविक रक्कम घरी यायच्या आधीच वळती करावी.

मार्चच्या नव्या-जुन्याचा फास असाच हळूहळू सोडवावा लागतो. एक लाखाचे पीककर्ज असेल तर बाजरी, तूर, बेदाणा, डाळिंब यांचे जसजसे पैसे येतील तसतसा त्या खात्यावर भरणा करत राहा. रक्कम मार्चमध्ये एकदमच भरली पाहिजे असे नाही. पहिल्या वर्षी पिकाच्या पैशातून तीस हजार जरी भरले तरी खाजगीतून आणायचे सत्तरच राहतात. दुसऱ्या वर्षी चाळीस. म्हैसाळचे पाणी आलेल्या गावांत हे लवकर जमेल. पाणी न पोचलेल्या गावांत तीन-चार वर्षे लागतील, पण जमेल. आणि नवे कर्ज मंजूर आहे म्हणून पूर्ण उचललेच पाहिजे असेही नाही.

दुष्काळ जाहीर झाला तर पीककर्जाचे पुनर्गठन होऊ शकते, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढते. २०१८ च्या दुष्काळात आपला तालुका यादीत होता. यातली मेख लक्षात ठेवा. पुनर्गठनाचा फायदा आधीपासून थकीत नसलेल्या खात्याला मिळतो. खाते चालू ठेवायचे हेही एक कारण.

सावकारी कायदा

कर्जापायी जमीन जाणे ही आजची गोष्ट नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ताब्यात घेऊन जाळली. दंगा पुणे-नगर भागात पसरला आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुढे सहकारी पतसंस्था निघाल्या. तरी १९५१-५२ च्या अखिल भारतीय पाहणीत, म्हणजे गोरवाला समितीच्या अहवालात, ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. बाकी सावकार, व्यापारी, सगेसोयरे.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा चार, शेकडा पाच हे दर कायद्यात कुठेच बसत नाहीत. कर्जाच्या तारणापोटी म्हणून जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची कलम १८ खाली चौकशी होते आणि जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. जतच्या सहायक निबंधक कार्यालयात माहिती मिळते. खरेदीखताची नक्कल, सातबाराचे जुने उतारे, पैसे दिल्या-घेतल्याची चिठ्ठी असे जे असेल ते घेऊन जा. गावात राहून सावकाराविरुद्ध अर्ज करणे किती अवघड असते याची कल्पना आहे. पण गेलेल्या जमिनीचा अर्ज उशिरा केला तर मुदत निघून जाते.

थकलेले खाते आणि सिबिल

सोसायटीचे खाते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघू शकतो. नोटीस आली की घरात लपवून ठेवू नका. सचिवांना भेटा, बँक शाखेत जा, बाकीचा उतारा मागा आणि मुद्दल किती, व्याज किती हे वेगळे लिहून घ्या.

बँका कधी कधी एकरकमी परतफेड योजना काढतात, त्यात व्याजात सूट मिळते. रक्कम आणि तारीख बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, तोंडी बोलीवर तर नाहीच. आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. तडजोडीने मिटलेले खाते पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही. ‘सेटल्ड’ शब्द बघून पुढची बँक मागे सरते. म्हणून ऐपत असेल तर पूर्ण भरणा करणेच फायद्याचे. अजिबात ऐपत नसेल तर तडजोड करा, थकबाकीत राहण्यापेक्षा ती बरी.

ज्याला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, ती मुळात एका कंपनीची नोंद आहे. अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ३०० ते ९०० असा आकडा असतो, जास्त तेवढा चांगला. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे द्यायची गरज नाही. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही.

खोटी किंवा जुनी नोंद मात्र दुरुस्त होते. फेडलेले कर्ज अजून बाकी दिसणे, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे असे प्रकार घडतात. नामसारखेपणा आपल्या गावांत काही कमी नाही. बेबाकी दाखला जोडून बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे, की तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते.

जामीन राहिलेल्यांनीही आपला अहवाल बघावा. भावकीत, दोस्तीत सही करून मोकळे होतो आणि त्याने हप्ता चुकवला की आपल्या नोंदीवर डाग पडतो. जामिनाला ‘नाही’ म्हणण्यात अपमान कसला?

बिघडलेली पत परत यायला वेळ लागतो. लहानसे सोनेतारण किंवा पीककर्ज घेऊन तारखेच्या आत फेडणे, असे दोन-तीन हंगाम सलग झाले की आकडा वर चढू लागतो. एकाच महिन्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

महिला गटांच्या कर्जाबाबत भगिनींसाठी दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला असे कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत असले पाहिजे. उमदी, संखकडच्या कन्नड बोलणाऱ्या भगिनींनी ते कन्नडमध्ये मागावे, संकोच करू नये.

सचिव आणि महसूल अधिकाऱ्यांसाठी

कर्ज पूर्ण फिटले तरी सातबाराच्या इतर हक्कात बोजा तसाच राहिलेला असतो आणि नवी बँक त्यावरून अर्ज बाजूला ठेवते. फेडणाऱ्याला सोसायटीने त्याच दिवशी बेबाकी दाखला हातात द्यावा. तो जोडून ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी फेरफार लवकर घ्यावा ही विनंती. बँकेकडे वैयक्तिक कर्जापोटी मूळ दस्त तारण असतील तर पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे.

शेतकऱ्यांनी बेबाकी दाखला, भरणा पावत्या आणि बोजा कमी झालेला नवा सातबारा एकाच पिशवीत ठेवावा. जूनमध्ये नव्या कर्जासाठी जाताना ती पिशवी सोबत न्यावी.