वारीतली सोबत कशी घडते?

आळंदी-पंढरपूर वारीतला पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा मोठा दमवणारा. या वाटेवर अनोळखी माणसे एकमेकांची होतात, ती केवळ भक्तीमुळे नव्हे. त्यामागे दिंडीची शिस्त आहे. पालखीच्या रथापुढे आणि रथामागे प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते. टाळाच्या ठेक्यावर पावले जुळतात, थकलेल्यालाही बळ येते. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराचा दंड उंचावताच सारे शांत होतात आणि हरवले-सापडलेले पुकारले जाते.

या सोबतीवरचा एक आक्षेप रास्त आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतल्या जातवार वेगळ्या जेवणांची नोंद केली. म्हणजे सोबत चालल्याने समता आपोआप येत नाही. पण ही विसंगती त्यांना बोचली, ती सोबत चालल्यामुळेच. म्हणून वारीचे कौतुक करताना पंगतही एकच असावी, हा आग्रह धरायलाच हवा.