सहा मीटर पाण्याखालचा लाल रंग

आपल्या मंगरूळपीरपासून मालवण सरळ रेषेत सहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. समुद्राच्या तळाशी आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध तुमच्या प्रकाशाच्या धड्यातूनच जातो.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, अगदी उथळ पाण्यात, प्रवाळ वाढतात. त्यांच्या आडोशाला मासे, खेकडे, समुद्रफुले आणि बोटाच्या पेराएवढ्या, कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई राहतात. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथला जीव बाटलीत भरून आणायचा नाही. त्याचे छायाचित्र आणायचे. मग ते छायाचित्र खरे बोलते की नाही, हे पाहणे ओघानेच आले.

प्रथम डोळ्यांचे पाहू. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले तर सारे पुसट दिसते. डोळ्यात शिरणारा प्रकाश मुख्यत्वे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापाशी वळतो. या पडद्याचा वक्रीभवनांक पाण्याच्या वक्रीभवनांकाच्या, म्हणजे १.३३ च्या, इतका जवळ आहे की पाण्यात तेथे प्रकाश जवळजवळ वळतच नाही. पाणबुडा काचेचा मुखवटा लावतो तो डोळ्यांपुढे हवेचा थर ठेवण्यासाठी. कॅमेराही अशाच बंद पेटीत असतो. मात्र सपाट काचेतून पाहताना वस्तू तीन-चतुर्थांश अंतरावर आल्यासारखी वाटते, आणि म्हणून मोठीही दिसते. नवखा पाणबुडा मासा पकडायला हात पुढे करतो आणि हात अलीकडेच राहतो, याचे कारण हेच.

आता रंगाकडे वळू. पाणी लाल प्रकाश शोषून घेते. अगदी शुद्ध पाण्यातही एक मीटर जाताना लाल प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. पृष्ठभागावर १०० भाग धरा. एक मीटरवर ७०, दोनवर ४९, तीनवर ३४, चारवर २४, पाचवर १७ आणि सहावर १२. निळा प्रकाश तेवढ्याच खोलीवर ९० टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. मालवणच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती पुष्कळ. त्या निळ्यालाही खातात, म्हणून तेथले पाणी हिरवट. अशा उजेडात तांबडी गोगलगाय काळपट दिसली तर तिचा काय दोष?

उपाय एकच, आपला प्रकाश बरोबर नेणे. १९२६ साली लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट करून उजेड पाडला होता. आज हाताएवढा फ्लॅश पुरतो, पण अंतराचा हिशेब चुकत नाही. प्राणी अर्ध्या मीटरवर असेल तर फ्लॅशचा प्रकाश जाऊन-येऊन एक मीटर चालतो, म्हणजे लाल ७० भाग उरतो. प्राणी तीन मीटरवर असेल तर तोच प्रवास सहा मीटरांचा, आणि पुन्हा आपण १२ वर! शिवाय पाण्यात तरंगणारे कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. धुक्यात मोटारीच्या दिव्यांचे होते तसेच. म्हणून फ्लॅश भिंगाला चिकटून न ठेवता लांब दांडीवर बाजूला धरतात. महागडा कॅमेरा घेणाऱ्यांना हे पटत नाही, परंतु मधले पाणी कमी करणे हाच येथला खरा उपाय आहे.

पण जवळ जाण्यातच धोका आहे, आणि तो प्रवाळांना. स्थिर राहण्यासाठी पाणबुडा खडकाला धरतो, गुडघे टेकतो, आणि वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. मालवणला हौशी पाणबुड्यांमुळे प्रवाळांची अशी हानी होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले. तळाला न टेकता तरंगण्यासाठी आर्किमिडीजचे तत्त्व कामी येते. छातीत अर्धा लिटर जास्त हवा घेतली की अर्धा लिटर जास्त पाणी बाजूला सरते, आणि सुमारे अर्ध्या किलोग्रॅम वजनाएवढा जोर शरीराला वर उचलतो. श्वासाच्या मंद लयीनेच जागा राखायची. श्वास मात्र कधीही कोंडायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे नळीतून घेतलेला श्वास कोंडून वर आले तर हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते.

एवढा खटाटोप रंगासाठी का? प्रवाळांच्या शरीरात तपकिरी सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापले की प्रवाळ ही शैवाले गमावतात आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. म्हणजे प्रवाळाची प्रकृती त्याच्या रंगावरूनच ओळखायची. आता हिरवट उजेडात काढलेल्या चित्रात फिकट तपकिरी कोणता आणि पांढरा कोणता, हे कसे ठरवणार? त्यात हल्लीचे कॅमेरे आपल्या मनाने रंग दुरुस्त करतात, ते वेगळेच.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ प्रकल्पाने यावर साधी युक्ती काढली. फिकट ते गडद अशा छटा छापलेले जलरोधक कार्ड प्रवाळाशेजारी धरायचे आणि जुळणारी छटा लिहून घ्यायची. पाण्याने प्रवाळाच्या रंगातून जेवढे काढून घेतले, तेवढेच कार्डाच्या रंगातूनही घेतलेले असते. म्हणून तुलना टिकते.

हे घरीही पाहता येते. रात्री विजेरीच्या काचेवर निळ्या जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या बांधा. त्या उजेडात एक लाल मिरची पाहा; ती काळपट दिसेल. आता रंगपेटीतून लाल, तपकिरी आणि काळ्या रंगाच्या चार-पाच छटा एका कागदावर रंगवा, कागद मिरचीशेजारी धरा आणि त्या निळ्या उजेडातच तिच्याशी जुळणारी छटा निवडा. मग दिवा लावून निवड तपासा. शेजारी कागद न ठेवता, नुसत्या आठवणीने रंग सांगायला एखाद्या मित्राला बसवा, आणि दोघांच्या उत्तरांतील फरक वहीत नोंदवा.